राखेचे प्रवाह, पाण्याखालचे थर

१५ जानेवारी २०२२च्या संध्याकाळी टोंगा देशाचा उरलेल्या जगाशी संपर्क तुटला. दक्षिण प्रशांत महासागरातला हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा बहुतांशी पाण्याखाली असलेला ज्वालामुखी फुटला होता. राखेचा स्तंभ सुमारे ५७ किलोमीटर उंच गेला आणि उपग्रहांनी टिपलेली त्याची चित्रे बघता बघता जगभर पसरली. ज्या देशात हे घडले, तिथल्या लोकांना मात्र परदेशातल्या नातलगांना खुशाली कळवणेही अशक्य झाले. समुद्रतळावरून जाणाऱ्या दोन केबल तुटल्या होत्या. एक टोंगाच्याच बेटांना जोडणारी, दुसरी फिजीमार्गे बाहेरच्या जगाकडे नेणारी. बाहेरची केबल जोडायला पाच आठवडे लागले, बेटांमधली पूर्ववत व्हायला सुमारे दीड वर्ष.

केबल तुटल्या त्या आकाशातल्या राखेने नव्हे. स्फोटाचा स्तंभ स्वतःच्या भाराने कोसळला आणि प्रचंड प्रमाणात राख व दगड ज्वालामुखीच्या बुडालेल्या तीव्र उतारांवर आदळले. तिथे त्यांत पाणी मिसळले आणि ते मिश्रण तळालगत धावत सुटले. ब्रिटनच्या नॅशनल ओशनोग्राफी सेंटरमधले माइक क्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार या प्रवाहांचा वेग ताशी १२२ किलोमीटरपर्यंत गेला होता. केबल कोणत्या क्षणी मुकी झाली ते ठाऊक, ज्वालामुखीपासूनचे अंतर ठाऊक; वेग त्यातूनच निघाला. हे प्रवाह वाटेतले उंचवटे चढून गेले, शंभर किलोमीटरच्या पलीकडे पोहोचले, आणि बेटांमधल्या केबलचा काही भाग त्यांनी तीस मीटरपर्यंत जाडीच्या मालाखाली गाडून टाकला. हे सगळे घडत असताना कोणीही ते पाहिले नाही. पाहणे शक्यच नव्हते.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. ज्वालामुखीतून निघालेली राख, प्यूमिस, स्फटिक आणि दगडांचा चुरा पाण्याखाली कसा वाहतो, तळावर कसा बसतो, आणि त्या बसलेल्या थरावरून मूळ प्रवाह ओळखता येतो का? प्रवाह काही तासांत संपतो, थर लाखो वर्षे टिकतो. भूवैज्ञानिकाच्या हाती नेहमी थरच येतो. प्रवाह आणि त्याचा थर दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी, डोळ्यांसमोर हजर असतात असे ठिकाण एकच, ते म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची टाकी. म्हणून या टाकीला मी फार मोठे स्थान देतो. तिच्यात समुद्राची हुबेहूब नक्कल करता येते म्हणून नव्हे, ती येत नाहीच. पण थर वाचण्याची आपली जी काही रीत आहे, तिची परीक्षा घेता येते ती या टाकीतच.

गढूळ पाणी स्वच्छ पाण्याखाली शिरून तळाने वाहते, ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडच्या फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरात ऱ्होन नदीचे थंड, गाळाने भरलेले पाणी असे तळाशी जाते हे दाखवून दिले होते. १९३६ मध्ये हार्वर्डचे रेजिनाल्ड डॅली यांनी पुढचे धाडसी पाऊल टाकले. समुद्राखालच्या खोल दऱ्या अशाच गढूळ प्रवाहांनी कोरल्या असाव्यात, असे त्यांनी सुचवले. बहुतेकांना ते पटण्यासारखे नव्हते. इतक्या दुबळ्या दिसणाऱ्या गोष्टीने खडक कसा कापला जाईल? पण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे फिलिप क्यूनेन यांनी त्यावर नुसती चर्चा न करता टाकी भरली, उतार दिला, चिखलाचे पाणी सोडले आणि ते कसे वाहते ते मोजायला सुरुवात केली. पुढे १९५० मध्ये त्यांनी इटलीच्या कार्लो मिल्योरिनी यांच्यासह लिहिलेल्या निबंधाने अवसादशास्त्राची दिशाच बदलली. मिल्योरिनी अपेनाइन पर्वतातले वालुकाश्म पाहत होते. एकेका थरात तळाशी जाड वाळू, वर क्रमाने बारीक, आणि असे थर एकावर एक शेकड्यांनी. क्यूनेन यांच्या टाकीत असाच एक थर एका प्रवाहातून तयार होत होता. डोंगरात दिसणारी खूण आणि टाकीतला प्रयोग एकमेकांना भेटले.

दोन वर्षांनी ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग यांनी जुनी तार-नोंद बाहेर काढली. १८ नोव्हेंबर १९२९ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्स भागात भूकंप झाला होता. जवळच्या केबल लगेच तुटल्या, पण उताराच्या खालच्या अंगाच्या केबल एकामागून एक, तब्बल तेरा तासांपर्यंत तुटत राहिल्या. भूकंपाने इतका उशीर कसा होईल? उतारावरून काहीतरी खाली जात होते. टोंगाच्या केबलवरून वेग काढण्याची रीत इथूनच आली आहे. या विद्येत प्रवाहाला प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार क्वचितच मिळतो. बऱ्याचदा तुटलेली तारच साक्ष देते.

आता टाकीपाशी येऊ. सर्वांत साधा प्रयोग म्हणजे काही मीटर लांबीची, पारदर्शक भिंतींची अरुंद टाकी. एका टोकाशी उभा दरवाजा. दरवाजाच्या मागच्या कप्प्यात पाणी आणि बारीक कण, उरलेल्या टाकीत स्वच्छ पाणी, दोन्हीकडे पातळी सारखी. कप्प्यातले कण बसू नयेत म्हणून ते सतत ढवळत राहावे लागते. ढवळणे थांबवायचे आणि त्याच क्षणी दरवाजा झटक्यात वर उचलायचा. या दोन क्रियांत थोडे जरी अंतर पडले, तरी जड कण आधीच खाली गेलेले असतात आणि पुढचे सगळे मोजमाप वाया जाते. दरवाजा उठला की गढूळ पाणी तळालगत पुढे सरकते. त्याचे तोंड मागच्या भागापेक्षा जाड असते. नाकाचे टोक तळाला टेकलेले नसते, ते किंचित उचललेले असते, आणि त्याच्याखाली स्वच्छ पाणी अडकत जाते. ते हलके पाणी वर येऊ पाहते, म्हणून वरून पाहिले तर प्रवाहाची पुढची कड सरळ दिसत नाही. तिच्यावर गोलसर फुगवटे आणि त्यांच्यामध्ये खोल फटी असतात, आणि त्या सतत बदलत राहतात. तोंडाच्या मागे, गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या सीमेवर, भोवरे गुंडाळत मागे पडतात आणि वरचे पाणी आत ओढून घेतात. प्रवाह त्यामुळे पातळ होत जातो. कण गळू लागतात, घनता घटते, वेग उतरतो, आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच कधी कधी तो विरून जातो.

खरे काम यानंतर सुरू होते. पाणी इतक्या सावकाश काढावे लागते की तळावरचा थर हलू नये. मग ठरावीक अंतरांवर थराची जाडी, प्रत्येक ठिकाणी खालपासून वरपर्यंत कणांचे आकार, रंगीत कण वापरले असतील तर कोणता रंग कुठे बसला, हे सगळे नोंदवले जाते. प्रवाह चालू असताना वेगवेगळ्या उंचीवर लावलेल्या बारीक नळ्यांतून पाण्याचे नमुने काढलेले असतात, ध्वनिलहरींच्या उपकरणाने वेग मोजलेला असतो, जलद कॅमेऱ्याने चित्रण केलेले असते. माझे मत असे की प्रवाहाचे सुंदर चित्रण करून थराकडे पाठ फिरवणारे प्रयोग अर्धवट असतात. डोंगरात किंवा समुद्रतळावरून काढलेल्या गाळस्तंभात आपल्याला चित्रफीत मिळत नाही, थर मिळतो. जुळवायचे ते त्याच्याशी.

इथे जाणकार वाचक विचारेल, आणि विचारायलाच हवे, की हाताएवढ्या खोलीचा प्रवाह शंभर मीटर जाडीच्या प्रवाहाबद्दल काय सांगणार? महाराष्ट्रात प्रतिरूपांचे शास्त्र परके नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांची, बंदरांची, नद्यांची लहान प्रतिरूपे उभारून अभ्यास चालतो, आणि त्या संस्थेचा आरंभ १९१६चा आहे. पाण्याचे प्रतिरूप करताना लांबी कमी केली की वेग आणि वेळ कोणत्या हिशेबाने कमी करायचे, हे फ्रूड अंकावरून ठरते. वाहत्या पाण्याची गती आणि गुरुत्वाची ओढ यांचे ते गुणोत्तर. ते टाकीत आणि समुद्रात सारखे ठेवता येते. पण रेनॉल्ड्स अंक, म्हणजे गतीचा जोर आणि पाण्याचा चिकटपणा यांचे गुणोत्तर, सारखे ठेवता येत नाही. टाकीत तो दहा हजारांच्या घरात असतो, समुद्रात अब्जांच्या. दिलासा एवढाच की एका मर्यादेपलीकडे प्रवाहात खळबळ पुरेशी झाली, की हा अंक आणखी वाढल्याने मोठ्या रचनेत फारसा फरक पडत नाही. म्हणून टाकीतला प्रवाह त्या मर्यादेच्या वर ठेवणे, ही पहिली अट.

कणांचे गणित त्याहून अवघड. लांबी हजारपट कमी केली म्हणून कणही हजारपट बारीक करावेत, तर दोन दशांश मिलिमीटरची वाळू चिकणमातीहूनही बारीक होईल, आणि इतके बारीक कण पाण्यात एकमेकांना चिकटून गोळे होतात. ती वाळू राहत नाही. तेव्हा आकाराचा हट्ट सोडून नाते जपावे लागते. कण किती वेगाने बसतात आणि प्रवाहाची खळबळ त्यांना किती उचलून धरते, हे नाते खऱ्या प्रवाहासारखे राहिले पाहिजे. त्यासाठी कुणी हलके प्लॅस्टिकचे कण घेतात, कुणी काचेचे सूक्ष्म मणी, कुणी सिलिकॉन कार्बाइडची भुकटी. युट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी निराळी वाट धरली. त्यांनी बारीक वाळूच ठेवली आणि प्रवाह दाट व उतार तीव्र करून तळावरचा घासणारा जोर पुरेसा वाढवला. त्यामुळे त्यांच्या टाकीतल्या प्रवाहांनी तळ कापून स्वतःच्या नाळा तयार केल्या. जुन्या टाक्यांत ते सहजी होत नसे.

आतापर्यंत सांगितले ते साध्या गाळाला लागू पडते. ज्वालामुखीचा माल टाकीत आला की अडचणी वाढतात, आणि माझ्या लेखी या विषयातला खरा रस इथेच आहे. वाळूचे कण आकाराने वेगळे असले तरी त्यांची घनता जवळपास सारखी असते. ज्वालामुखीच्या मालात एकाच मुठीत तीन तऱ्हा असतात. जड खनिजांचे स्फटिक आणि खडकाचे तुकडे, काचेसारखी राख, आणि बुडबुड्यांनी पोकळ झालेला प्यूमिस. सुपात पाखडताना मोठे पण हलके फोलपट उडून जाते आणि लहानसा पण जड खडा मागे राहतो, तसेच पाण्यात होते. शेंगदाण्याएवढा प्यूमिस आणि त्याच्याहून कितीतरी बारीक स्फटिक एकाच वेळी तळाला येऊ शकतात. थरात ‘खाली जाड, वर बारीक’ हा नियम शोधणारा इथे चकतो, कारण स्फटिकांचा क्रम एका दिशेने असतो आणि प्यूमिसचा उलट. रिचर्ड फिस्के आणि तोकिहिको मात्सुदा यांनी १९६४ मध्ये जपानमधल्या टोकिवा थरांचे वर्णन केले ते पाण्याखालच्या अशाच मालाचे, आणि आजही या विषयावरच्या लेखनात त्याचा दाखला दिला जातो.

त्यात प्यूमिस तापलेला आहे की थंड, याने सगळेच बदलते. थंड, कोरडा प्यूमिस पाण्यावर तरंगतो आणि महिनोन्‌महिने तरंगत राहू शकतो. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या ईशान्येला हाव्र या खोल समुद्रातल्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून तरंगत्या प्यूमिसचा सुमारे चारशे चौरस किलोमीटरचा तराफा तयार झाला, तो या तरंगण्यामुळेच. बाहेर पडलेल्या मालाचा बराच मोठा वाटा असा दूर निघून गेला आणि ज्वालामुखीजवळच्या तळावर त्याचा मागमूस राहिला नाही. उलट तापलेला प्यूमिस पाण्यात पडला, तर त्याच्या पोकळ्यांतली वाफ थंड होऊन आकुंचन पावते, पाणी आत ओढले जाते आणि दगड लगेच बुडतो. व्हिटहॅम आणि स्पार्क्स यांनी १९८६ मध्ये प्रयोग करून हे दाखवले. एकच दगड, एकच टाकी, फरक फक्त तापमानाचा; पण एक वर राहतो आणि दुसरा तळ गाठतो. थंड प्रयोगांसाठी प्यूमिस निर्वात पात्रात ठेवून मुद्दाम पाण्याने भिजवून घेतात. तसे न केल्यास टाकीतल्या प्रवाहाचा निम्मा माल पृष्ठभागावरच राहील.

उष्णतेचा प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. जमिनीवरचा तापलेला पायरोक्लास्टिक प्रवाह, म्हणजे राख, दगड आणि वायूंचा धावता लोट, समुद्राला भिडतो तेव्हा नेमके काय होते? २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआच्या उद्रेकातले असे प्रवाह समुद्र ओलांडून सुमात्राच्या किनाऱ्यापर्यंत गेले आणि तिथली माणसे भाजून मेली. पण त्याच उद्रेकातला माल समुद्राखालीही आहे, आणि त्यातल्या तुकड्यांच्या चुंबकत्वाचा अभ्यास असे दाखवतो की ते तळाशी बसले तेव्हाही तापलेले होते. म्हणजे एकाच वेळी काही भाग पाण्यावरून गेला, काही भाग पाण्यात शिरून आपली उष्णता राखून होता. हे पटायला बराच काळ गेला. पाण्यात शिरताच प्रवाह थंडच होणार, असे मानणाऱ्या अभ्यासकांचा पक्ष मजबूत होता आणि त्यांच्या शंका रास्त होत्या.

आर्मिन फ्रॉइंट यांचे २००३मधले प्रयोग या वादासाठी महत्त्वाचे ठरले. त्यांनी शेकडो अंश तापवलेली राख उतारावरून पाण्याच्या टाकीत सोडली. टाकीच्या काठावर वाफेचे स्फोट झाले, लाटा उठल्या, प्रवाहाचा विरळ भाग पृष्ठभागावरून पुढे सरकला आणि दाट भाग पाण्यात शिरून तळाने वाहिला. क्राकाटोआबद्दल जे दोन परस्परविरोधी पुरावे वाटत होते, ते एका टाकीत एकत्र नांदताना दिसले. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर सुफ्रिएर हिल्सचा लाव्हा-घुमट कोसळला. सुमारे २१ कोटी घनमीटर माल, आणि त्यातला बहुतेक समुद्रात गेला. नंतर तिथल्या तळाचे नमुने काढणाऱ्या जेसिका ट्रोफिमोव्ह्स आणि सहकाऱ्यांना आढळले की गोटे आणि जाड माल किनाऱ्यापासून फार दूर गेला नव्हता, तो दाट रबडी होऊन बसला होता, आणि बारीक राख त्यातून वेगळी होऊन वरच्या पाण्यात मिसळली होती. पाण्यात शिरताच प्रवाहाची अशी फाळणी होते, हे टाकीतही दिसते.

आकाशातून समुद्रावर पडणाऱ्या राखेची गोष्ट साधी वाटते, पण तीही तशी नाही. तीस मायक्रॉनचा काचेचा कण एकटा बुडत असेल, तर स्टोक्सच्या नियमाने दिवसाला साठेक मीटर खाली जातो. म्हणजे साडेतीन-चार किलोमीटर खोल तळ गाठायला त्याला दोन महिने लागावेत, आणि तेवढ्या काळात सागरी प्रवाहांनी त्याला कुठल्या कुठे न्यावे. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो फुटला तेव्हा दक्षिण चीन समुद्रात खोलवर गाळ गोळा करणारे सापळे आधीच टांगलेले होते. त्यांत राख दिवसाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने उतरल्याचे दिसले. स्टीव्हन केरी यांनी १९९७ मध्ये टाकीवर वरून राख शिंपडून याचे कारण उघड केले. पृष्ठभागाखाली राखेने भरलेल्या पाण्याचा थर साचतो, तो खालच्या पाण्यापेक्षा जड होतो, आणि मग कण एकेकटे न बुडता त्या पाण्यासकट धारांनी खाली कोसळतात. मला हा प्रयोग फार आवडतो. साधने अगदी साधी, पण समुद्रातले एक कोडे सुटले.

मराठी वाचकाला या चर्चेचा एक धागा घराजवळ सापडेल. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावी, कुकडी नदीकाठी, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. दख्खनच्या लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची असल्याचे तिच्या रसायनावरून मांडले गेले. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीला त्या थराबरोबर दगडी हत्यारे सापडल्यामुळे त्याच्या वयावरून मोठा वाद झाला. त्या वादात वारंवार पुढे आलेला प्रश्न या पुस्तकाशी नाते सांगतो: जितकी राख आकाशातून पडली तितकीच तिथे आहे, की आसपासची राख नदीच्या पाण्याने गोळा करून एका जागी आणली आणि थर जाड झाला? पडलेला थर आणि वाहून आलेला थर यांत फरक करता आला नाही, तर जाडीवरून उद्रेकाचा आकार काढणारे सारे गणित डळमळते.

ही डळमळ पाण्याखाली आणखी वाढते. सर्वांत जोरदार प्रवाह ज्या जागेवरून जातो, तिथे तो बहुधा काहीच ठेवत नाही, उलट आधीचा गाळ खरवडून नेतो. म्हणजे थरातल्या एका पातळ, खरवडलेल्या रेषेमागे सर्वांत मोठी घटना लपलेली असू शकते, आणि तिच्यावरचा हातभर जाडीचा थर त्या घटनेच्या ओसरत्या शेपटाचा असतो. शिवाय एकसारखे दिसणारे थर वेगवेगळ्या मार्गांनी तयार होतात. दाट प्रवाह एका दमात गोठला तरी आणि विरळ प्रवाहातून वाळू थेंबाथेंबाने साचत गेली तरी, खडकात एकसंध, रेघ नसलेली वाळूच दिसते. १९६२ मध्ये अर्नोल्ड बाउमा यांनी फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या वालुकाश्मांवरून थराच्या पाच पायऱ्यांचा जो क्रम मांडला, त्यातल्या सपाट रेघांना आणि लाटांच्या नक्षीला प्रवाहाच्या वेगाशी जोडता आले ते फ्लूममधल्या, म्हणजे वाहत्या पाण्याच्या प्रायोगिक नालीतल्या, प्रयोगांमुळे. त्याच क्रमातला तळाचा एकसंध भाग मात्र इतकी वर्षे लोटली तरी वादाचा विषय आहे. टाकीतल्या प्रयोगाने त्या वादात शक्यतांची संख्या कमी होत नाही, कधी कधी वाढतेच, आणि मला ती तक्रारीची बाब वाटत नाही. थरावरून एकच उत्तर मोठ्या खात्रीने काढणाऱ्या लेखनापेक्षा, कोणत्या दोन मार्गांनी तो थर बनू शकतो हे करून दाखवणारा प्रयोग अधिक उपयोगाचा असतो.

टोंगाच्या उद्रेकाने या विद्येला पूर्वी कधी नव्हती अशी संधी दिली आहे. उद्रेकाची वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली आहे. केबल तुटल्याच्या वेळा आहेत. उद्रेकापूर्वीचे तळाचे नकाशे आहेत, आणि २०२२च्या एप्रिल-मेमध्ये न्यूझीलंडच्या ‘तांगारोआ’ या संशोधन-जहाजाने जाऊन हजारो चौरस किलोमीटर तळाचे नवे नकाशे केले आणि गाळाचे नमुने वर काढले. कुठे किती खरवडले गेले, कुठे किती साचले, हे दोन नकाशांच्या वजाबाकीतून कळते. थर आहे आणि त्या थरामागचा प्रवाहही, त्याच्या वेगासकट, ठाऊक आहे. आजवर टाकीतल्या निष्कर्षांची परीक्षा ज्यांच्यावर झाली, त्यांतल्या बहुतेक थरांचा जन्म कुणी नोंदवलेला नव्हता. या थराचा नोंदवलेला आहे. पुढच्या प्रकरणांतली गणिते आणि आलेख वाचताना हा थर शेजारी ठेवावा: टाकीवरून काढलेला प्रत्येक नियम इथे ताशी १२२ किलोमीटरच्या जवळ पोहोचतो का, आणि केबलवर तीस मीटर माल टाकतो का, हे तपासत जावे.